'वजन तर छान आहे': खाण्याच्या विकाराच्या एका रुग्णाला तज्ज्ञांपर्यंत पोचवताना

मुलगी, वय १६, अकरावी विज्ञान. घर सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. जूनपासून नीटच्या क्लाससाठी लातूरला वसतिगृहात. पाच महिन्यांत वजन झपाट्यानं उतरलेलं, पाळी बंद, दोनदा चक्कर येऊन पडलेली. मी तिच्या गावची डॉक्टर. माझ्याकडे येण्याआधी तिला वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं. फाइल जाडजूड होती. त्यात मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे दीड ओळीची एक चिठ्ठी होती: 'वजन घट. सर्व तपासण्या नॉर्मल. मानसिक कारण? कृपया पाहावे.'

त्या दीड ओळीनं काय झालं आणि तिच्या जागी काय लिहायला हवं होतं, यासाठी हे टिपण.

आधी दोन खुलासे. हे प्रकरण एकाच मुलीचं नाही. साधारण सारख्याच वाटेनं गेलेल्या काही घरांतल्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे, म्हणजे कोणाची ओळख पटणार नाही. तिला रेवती म्हणू. दुसरं म्हणजे, किलो आणि कॅलरी यांचे आकडे मी मुद्दाम देत नाही. वाचणाऱ्यांत अॅनोरेक्सियाशी, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीनं खाणं तोडत नेण्याच्या आजाराशी, झगडणारी एखादी मुलगी असू शकते, आणि या आजारात दुसऱ्याचा आकडा ही लगेच पैज होऊन बसते. टक्केवारीवर काम भागतं.

आजार कसा लपला

रेवती लहानपणापासून अंगानं भरलेली. जुलैत तापानं आजारी पडली, थोडी उतरली, आणि मैत्रिणी म्हणाल्या, 'किती छान दिसतेस!' मेसचं जेवण तेलकट असतं हे कारण तर तयारच होतं. आधी तळलेलं सुटलं, मग भात सुटला, मग पोळी. अभ्यासाच्या वेळापत्रकात व्यायामाचे तास घुसले. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला आणि आजारासाठी जणू सोन्याची खाण उघडली. एकादश्या, चतुर्थ्या, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस. आपल्या घरांत उपवास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी. ही मात्र लिंबूपाण्यावर राहायची. आजीला नातीचं कोण कौतुक! 'एवढ्या लहान वयात एवढी निष्ठा' असं ती शेजारणींना सांगायची. खाण्याचे विकार पाश्चात्त्यांचे, असं मानणाऱ्या माझ्या काही व्यवसायबंधूंना मी एवढंच सांगेन की आपल्याकडे ते देवघराच्या दारानंही येतात.

ऑगस्टपासून पाळी आली नाही. सोनोग्राफी झाली, अंडाशयांत गाठी दिसतात म्हणून पीसीओडीचा शिक्का बसला, आणि सल्ला मिळाला: वजन आटोक्यात ठेव. हार्मोनच्या गोळ्यांनी रक्तस्राव झाला, तेव्हा घर निश्चिंत झालं. पण गोळ्या थांबवल्यावर होणारा तो रक्तस्राव म्हणजे पाळी परत येणं नव्हे. शरीराला अन्न पुरत नाही तेव्हा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून अंडाशयांना जाणारे संदेश मंदावतात; गोळी तो बिघाड दुरुस्त करत नाही, फक्त झाकते. तोवर हाडं झिजत राहतात.

पुढे पोट जड राहतं, फुगतं, शौचाला होत नाही म्हणून पोटविकारतज्ज्ञ. एंडोस्कोपीत किरकोळ सूज, ॲसिडिटीची गोळी. उपाशी राहिल्यानं जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे चार घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं. ही तक्रार खरी असते, पण ती आजाराचं कारण नसून परिणाम असते. वजन घटलं म्हणजे आपल्याकडे क्षयरोग शोधायचाच, आणि ते योग्यच आहे. एक्स-रे, ईएसआर, थायरॉइड, साखर, सगळं झालं. सगळं 'नॉर्मल'. मग ती दीड ओळीची चिठ्ठी.

मानसोपचाराच्या गर्दीच्या ओपीडीत काही मिनिटं मिळाली. तिथल्या डॉक्टरांसमोर बसलेली मुलगी हाडकुळी नव्हती. उंचीच्या मानानं वजन अगदी तक्त्यात बसणारं. चिठ्ठीत नाडी नव्हती, रक्तदाब नव्हता, किती दिवसांत किती वजन गेलं हे नव्हतं. मुलगी गप्प, उदास, परीक्षेचा ताण. नैराश्याची गोळी सुरू झाली, महिन्यानं बोलावलं. वडील घरी आल्यावर म्हणाले, 'डॉक्टर म्हणाले वजन तर छान आहे.' रेवतीनं ते वाक्य ऐकलं आणि रात्रीची अर्धी पोळीही सोडली.

त्या डॉक्टरांना मी फारसा दोष देत नाही. त्यांच्या हातात जे दिलं होतं, त्यावर त्यांनी उत्तर दिलं.

माझ्या खोलीत

दिवाळीच्या सुट्टीत न्हाणीघरात पडली म्हणून तिला माझ्याकडे आणलं. आई म्हणाली, 'मॅडम, ती खाते हो, पण अंगी लागत नाही.' मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि रेवतीशी एकटीशी बोलले. पहिल्या पाच मिनिटांत तिनं काही सांगितलं नाही. मग मी विचारलं, 'दिवसातला किती वेळ डोक्यात जेवणाचाच विचार असतो?' ती रडायला लागली. म्हणाली, 'बायोलॉजी वाचत असते, पण पानावर काहीच दिसत नाही. रात्री काय टाळायचं याचाच हिशेब चालतो.'

जेवण मनावर राज्य करतंय का, हा प्रश्न स्कॉफ या पाच प्रश्नांच्या छोट्या चाळणीतला. ती १९९९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. बाकीचे चार: पोट भरलं की अस्वस्थ होऊन उलटी काढतेस का, खाण्यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का, तीन महिन्यांत बरंच वजन उतरलं का, आणि लोक बारीक म्हणत असताना तुला तू जाड वाटतेस का. दोन 'हो' आले की खोलात शिरायचं. आपल्याकडे शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा 'नाही' येतं. मुली 'जाड' म्हणत नाहीत, 'पोट जड वाटतं' म्हणतात. त्या एका नकारावर आजार नाही असं ठरवू नये.

मग तपासणी, आणि इथं घाई चालत नाही. आडवी असताना नाडी ४६. उभी केल्यावर दोन मिनिटांत ८४, आणि वरचा रक्तदाब २० हून जास्त उतरला, डोळ्यांपुढे अंधारी. हातपाय गार, नखं निळसर. हातांवर बारीक लव. उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं, तर तिला गुडघ्यावर हात ठेवावा लागला. ही साधी चाचणी स्नायूंची ताकद किती गेली आहे ते सांगते आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. ईसीजीत ठोके संथ, लय नियमित. पोटॅशियम किंचित कमी. फॉस्फरस कोणी तपासलंच नव्हतं, कारण नेहमीच्या पॅकेजमध्ये ते नसतं. वेगळं लिहून द्यावं लागतं.

शाळेच्या आरोग्य तपासणीचं जुनं कार्ड आईकडे होतं. त्यावरून हिशेब केला: जूनपासून शरीराच्या वजनाचा चौथा हिस्सा गेला होता.

हाच आकडा त्या चिठ्ठीत हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की सहा महिन्यांत २० टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल आणि बाकी लक्षणं जुळत असतील, तर 'वजन फार कमी असणं' ही अट त्यानं भरून निघू शकते. म्हणजे भरलेल्या अंगाची मुलगी 'नॉर्मल' वजनाला येऊन थांबली, तरी तिला अॅनोरेक्सिया असू शकतो. अमेरिकन पद्धतीत याला 'अटिपिकल' म्हणतात. त्या शब्दामुळे आजार सौम्य असल्याचा ग्रह होतो, म्हणून मला तो आवडत नाही. हृदयाला तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, ठाऊक नसतो. किती वेगानं किती गेलं, याचा हिशेब ते ठेवतं. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतही एकट्या बीएमआयवर किंवा आजाराच्या कालावधीवर उपचार द्यायचे की नाही हे ठरवू नका, असं बजावलं आहे.

आणि ते नैराश्य? १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं गेलं. त्यांचंही सुमारे पाव वजन गेलं. ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले आणि दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलू लागले. काही जण पाककृती जमवू लागले. ही माणसं आधी मनानं निरोगी होती. रेवतीच्या उदासीत उपासमारीचा वाटा केवढा आहे, हे ती खायला लागल्याशिवाय कळणारच नव्हतं. उपाशी मेंदूवर नैराश्याच्या गोळ्यांचा फारसा उपयोगही होत नाही.

पाठवायचं कोणाकडे?

इथं खरी अडचण. आपल्याकडे जिल्ह्याच्या पातळीवर खाण्याच्या विकारांसाठी वेगळं युनिट नसतं. मानसोपचार विभाग म्हणतो, नाडी आधी सुधारा. मेडिसिन विभाग म्हणतो, हे मनाचं प्रकरण. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत बारा वर्षांवरचं मूल बालरोग विभागाचं राहत नाही, आणि सोळा वर्षांची मुलगी मोठ्यांच्या वॉर्डात जाते. 'तज्ज्ञ' नावाचा एकच माणूस नसतो. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ असे चौघे एका छपराखाली शोधावे लागतात.

सोलापूर, पुणे आणि बेंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था असे तीन पर्याय मी मांडले. निम्हान्समध्ये किशोरवयीनांसाठी स्वतंत्र विभाग आहे, पण पुढचे सहा महिने घरच्यांनी आठवड्याला जाऊन येणं अशक्य होतं. पुण्यात रेवतीचा मामा राहतो. मामाच्या घरावर निर्णय झाला, असं म्हटलं तरी चालेल, आणि मला त्यात गैर वाटत नाही. या आजारात कुटुंब हेच अर्धं औषध असतं. कुटुंब जिथं राहू शकेल तिथंच रुग्णाला पाठवावं.

भरती लगेच की ओपीडी? इथं दोन मापं वेगळं बोलतात. अमेरिकेतली किशोरवयीनांच्या आरोग्याची संघटना म्हणते, दिवसा नाडी ५० च्या खाली असेल तर भरती करा. ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची (रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स) २०२२ ची मार्गदर्शिका ४० च्या खाली लाल आणि ४० ते ५० मध्ये पिवळा धोका धरते. रेवती दोन मापांच्या मध्ये. पण उभं राहिल्यावर पडणारा रक्तदाब, गेलेला पाव हिस्सा आणि दिवसागणिक कमी होणारं खाणं एकत्र पाहिल्यावर मी भरतीच्या बाजूनं गेले.

पुण्याच्या मानसोपचार विभागात आधी फोन केला, मग पत्र पाठवलं. फोनवर तीन गोष्टी पक्क्या केल्या: भरती मेडिसिनच्या नावावर, मानसोपचार पहिल्या दिवसापासून सोबत, आणि दोन्हीकडच्या कोणत्या डॉक्टरांशी मी बोलायचं ते. पत्र इंग्रजीत होतं. त्याचा गाभा असा:

'१६ वर्षांची मुलगी. पाच महिन्यांत वजनाच्या सुमारे २५ टक्के घट, खाणं हेतुपुरस्सर मर्यादित, जोडीला अतिव्यायाम. उलट्या व जुलाबाची औषधं नाकारते. सध्याचं वजन तक्त्यात बसतं. कृपया त्यावरून तीव्रता ठरवू नये. आडवी नाडी ४६, उभी ८४, रक्तदाब उभं राहिल्यावर २० हून जास्त उतरतो. पाळी तीन महिने नाही. मधला रक्तस्राव गोळ्यांमुळे. थायरॉइड, साखर, क्षय यांच्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट जोडले आहेत. आत्महत्येचे विचार विचारले, सध्या नाहीत. निदान: अॅनोरेक्सिया नर्व्होसा. अपेक्षा: वैद्यकीय स्थिरीकरण, रीफीडिंगवर (उपासमारीनंतर पुन्हा खाऊ घालण्यावर) देखरेख, कुटुंबाधारित उपचारांची सुरुवात. खाट मिळेपर्यंत जबाबदारी माझी. दर दोन दिवसांनी नाडी, रक्तदाब, ईसीजी करते. नाडी ४० खाली गेल्यास किंवा पुन्हा बेशुद्ध पडल्यास वाट न पाहता पाठवेन.'

शेवटची दोन वाक्यं मला पत्रातली सगळ्यात कामाची वाटतात. पाठवणारा हात सोडतो आणि घेणाऱ्यानं अजून धरलेला नसतो, त्या मधल्या दिवसांत मुली दगावतात. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये एक १९ वर्षांची विद्यार्थिनी अशीच गेली. रुग्णालयातून सुटून ती दुसऱ्या गावी विद्यापीठात गेली, आणि एका सेवेकडून दुसरीकडे जाताना तिच्यावरची देखरेख ढासळली. तिथल्या आरोग्य लोकपालांनी २०१७ मध्ये त्यावर अहवाल दिला, तो मृत्यू टाळता आला असता असा निष्कर्ष काढला. तिथं तर खास सेवा आहेत. आपल्याकडे ही मधली फट किती रुंद असेल, याचा अंदाज करावा.

खाट मिळेपर्यंत

चार दिवस लागले. त्या दिवसांत घरी दोन टोकं सांभाळायची होती. आजीला आता चूक उमगली होती आणि ती तुपाचे लाडू घेऊन बसली होती. मी तिला थांबवलं. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अन्न, विशेषतः गोड आणि पिठूळ, एकदम गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. त्याच्या भीतीनं उपाशीही ठेवायचं नाही. फॉस्फरस तपासून घेतलं, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) सुरू केलं, आणि दिवसाचे सहा छोटे भाग ठरवले: मऊ वरणभात, दूध, दही, मुगाची खिचडी. ताटात काय आणि किती हे आई ठरवणार, रेवती नाही. जिना चढउतार, फिरायला जाणं बंद. न्हाणीघराला आतून कडी नाही.

वडिलांची भीती वेगळीच. 'मॅडम, मानसोपचाराचा कागद झाला की उद्या स्थळाच्या वेळी बाहेर येईल.' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते खरंच रात्रभर जागले होते. मी त्यांना ईसीजीचा कागद दाखवला आणि तिच्या नाडीवर त्यांचं बोट ठेवायला लावलं. ठोके मोजताना ते मध्येच थांबले. स्थळाचा विषय पुन्हा निघाला नाही. विम्याच्या टेबलावर 'मानसिक आजार बसत नाही' असं ऐकावं लागलं तेव्हा त्यांनीच मला फोन केला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं असतं. विमा नियामकानं ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंही आहे. निदान लपवून फक्त 'अशक्तपणा' लिहावं, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. मी नकार दिला. खोटा कागद पुढच्या डॉक्टरची दिशाभूल करतो. कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, आणि दावा मंजूर झाला.

एका रात्री रेवतीनं ताट भिरकावलं. आई घाबरली, तिनं १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावला. ही केंद्र सरकारची चोवीस तासांची सेवा, मराठीत बोलता येतं. त्यांनी आईला शांत केलं, हे मोठंच काम. मात्र फोनवर नाडी मोजता येत नाही. ते काम गावातल्या डॉक्टरचंच.

पुढे

पुण्यात तीन आठवडे. दुसऱ्या दिवशीच फॉस्फेट उतरलं, भरून काढावं लागलं. घरी लाडू सुरू असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको. नाडी दहा दिवसांत ५५ च्या वर स्थिरावली. नैराश्याची गोळी सध्या नको, असं ठरलं.

मग कुटुंबाधारित उपचार. ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात घडली. तिचा पहिला टप्पा म्हणजे खाण्याचा ताबा आईवडिलांनी घ्यायचा, आणि चिडायचं ते आजारावर, मुलीवर नाही. आपल्या एकत्र कुटुंबात याला एक वेगळं वळण लागतं: ताटाभोवती माणसं जास्त, मतंही जास्त. 'अगं खा ना, एवढंच तर आहे' म्हणणारी काकू आणि 'सोड तिला, भूक लागली की खाईल' म्हणणारे आजोबा एकाच पंगतीत. थेरपिस्टनं आजीलाही बोलावलं. उपवास मोडणं तिला जड गेलं, पण 'औषध घेताना उपास धरत नाहीत' हे तिनंच घरात जाहीर केलं. तिच्या शब्दापुढे कोणाचं चाललं नाही.

वजनाचं लक्ष्य ठरवताना वाद झाला. मामा म्हणाला, नॉर्मलच्या खालच्या टोकाला आणून थांबवू, म्हणजे ती घाबरणार नाही. टीमनं ऐकलं नाही. ती लहानपणापासून ज्या रेषेवर वाढत आली होती, ती रेषा पाहिली. लक्ष्य त्याच्या जवळ ठेवलं. पाळी कोणत्याही गोळीशिवाय सातव्या महिन्यात आली.

लातूर सुटलं. नीट एक वर्ष पुढे ढकलली, आणि यावर रेवती आजही नाराज आहे. बारावी घरून. पूर्वपरीक्षेच्या काळात दोन महिने खाणं पुन्हा डळमळलं; या वेळी आईनं तिसऱ्याच आठवड्यात फोन केला, आणि भरतीची वेळ आली नाही.

पुण्याहून आलेल्या डिस्चार्ज पत्रात सगळं होतं. गावात वजन कोण घेणार एवढंच नव्हतं. फोन करून ते ठरवलं: दर शनिवारी माझ्याकडे, आकडा रेवतीला न दाखवता, आणि लागोपाठ दोन शनिवार घट दिसली तर पुण्याला कळवायचं. ऑगस्टमध्ये ती अठरा पूर्ण करते. तेव्हा किशोरवयीनांचा विभाग सुटेल, आणि बहुधा गावही. कॉलेज कुठं मिळतं ते ठरलं की तिथल्या डॉक्टरांना पत्र जाईल. त्याचा मसुदा मी आणि रेवती मिळून लिहितो आहोत. 'वजन नॉर्मल दिसलं तरी' हे शब्द तिनं स्वतः घातले.